कुलूपबंद शेडमधले काजवे

“मरेस्तोवर गिटारची वायर काढायची नाही, इब्राहिम! फाटकन आवाज होतो, वरात दचकते, घोडा उधळतो!”

राहुरीच्या बँडचे मास्तर राधाकृष्ण ज्या आवाजात हे ओरडले, तो आवाज इब्राहिमभाईंच्या कानात अजून जसाच्या तसा होता. मास्तर गेले, घोडा तर त्यांच्या आधीच गेला. आवाज तेवढा राहिला. नागापूरच्या घरी कुणीही पाहुणा आला, की चहाआधी त्याला हा किस्सा मिळायचा.

आजची पाहुणी होती सुकन्या गर्जे, नगरची खासगी डिटेक्टिव्ह. लग्नाआधी नवऱ्या मुलाची चौकशी, हा तिचा मुख्य धंदा. सोबत पाथर्डीचा रामहरीमामा. जीप चालवायला आणि चुकीचे अंदाज बांधायला.

ओसरीच्या भिंतीवरच्या फोटोत मास्तरांशेजारी तरुण इब्राहिमभाई होते. बेस गिटार पार हनुवटीखाली, तान्ह्या बाळासारखी छातीशी धरलेली.

“आता नाही वाजवत?” सुकन्यानं विचारलं.

“डावा खांदा गेला, पोरी. उखळाएवढं वजन त्या गिटारीचं. तिला कपाटावर झोपवली.” त्यांनी उजव्या हातानं चहा पुढं केला. “आता आमच्या पोरानं, जीशाननं, नवी घडवलीय. बॅटरीवर चालते. बॅटरीवर चालते ती टॉर्च. मी हात लावत न्हाई तिला.”

जीशान दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि दोघांना मागच्या शेडमध्ये नेलं.

“मॅडम, तुम्हाला बोलावलं ते यासाठी. माझ्या बेसचा आवाज कुणीतरी चोरतंय,” तो म्हणाला.

बेस स्टँडवर उभा होता. घडण अब्बांच्या जुन्या बेसचीच, पण खोड हलकं, तारा चारऐवजी पाच, आणि पाठीत सर्किटची डबी. जीशाननं तो गळ्यात अडकवला. “हा पट्टा रोज कसा आखडतो कळत नाही. बकल बिघडलं असावं.” पट्टा सैल करून त्यानं बेस कमरेपर्यंत उतरवला, खिळ्यावरची स्पीकरची वायर काढून त्यात खोचली. बेसच्या लांब गळ्याच्या कडेला निळे ठिपके ओळीनं उजळले.

“अंधाऱ्या स्टेजवर बोटं कुठं ठेवायची ते दिसावं म्हणून.”

त्यानं तार छेडली. कोपऱ्यातले पत्रे हुंकार देऊन उठले.

“वाजतंय की!” मामा म्हणाला.

“आत्ताच नवी बॅटरी घातलीय. रोज संध्याकाळी घालतो, सकाळी मेलेली. ती मेली की बेस साफ मुका. वाटलं, कुणी नवी नेऊन जुनी ठेवतंय. म्हणून बॅटरीवर आयतच्या, माझ्या बहिणीच्या, नेलपॉलिशचा टिपका दिला. सकाळी टिपका तोच! शेडला कुलूप. किल्ल्या तीन: माझी, अब्बांची आणि मदतीला असतो त्या अंगदची.” त्यानं वायर उपसली, दिवे विझले. वायर गुंडाळून त्यानं परत खिळ्याला लावली. “उद्या पुण्याचं गिऱ्हाईक येतंय. नवी बॅटरी घालून वाजवून दाखवीन हो, पण त्याच्या घरी मेला तर? दोष सापडला नाही तर मी हा विकणार नाही. शेड बंद करीन आणि कंपनीत जाईन.”

मामा हळव्या मनाचा. त्याला गाणं आलं:

“मुकी झाली मैना, तिच्या पिंजऱ्याला कडी,
कुणी चोरली गं बाई, तिच्या गळ्यातली गोडी…”

“मामा, चौकशी चाललीय.”

लाकूड घासणाऱ्या अंगदला तिनं हाक मारली.

“सकाळी शेड मीच उघडतो, ताई. झाडतो. वायरी गुंडाळून खिळ्याला लावतो. पायात आल्या की जीशानभाई लई वरडतो.”

“बेसला हात लावतोस?”

“आईशप्पत न्हाई. पडला-बिडला तर?”

“ह्योच!” मामा कुजबुजला. “बॅटरी नेऊन टीव्हीच्या रिमोटात घालतो.”

“मामा, ही चौकोनी बॅटरी रिमोटला बसत नाही. आणि ती नेलीच कुठं कुणी?”

शेजारच्या शेडमधला कल्याण वेल्डर तर भांडायलाच बसला होता.

“मीच बंद पाडणार हुतो ते वाजिवणं! पोरगं कुलूप लावून गावात गेलं, तरी माझ्या गिलासातल्या चहात लाटा उठत्यात! आन् परवा रात्री घरी निघालो तर त्याच्या शेडच्या फटीतून काय दिसावं? काजवे! निळे! ह्या कोरड्या दिवसांत! आन् कसे, तर शाळंच्या पोरांगत वळीनं उभे.”

“भूत हाय,” मामानं जीपची किल्ली काढली. “चल बाई.”

सुकन्या हसली. “भूतच आहे मामा. पण संगीतातलं.”

सगळ्यांना तिनं इब्राहिमभाईंच्या ओसरीत बसवलं. जीशान बेस घेऊनच आला. आयतनं पुन्हा चहा आणला.

“चोरी झालेलीच नाही,” सुकन्या म्हणाली. “टिपका तोच, म्हणजे बॅटरी तीच. ती जागच्या जागी जळाली. वायर खोचली की दिवे लागतात, काढली की विझतात. म्हणजे वायर हीच या बेसची कळ. कल्याणदादांचे काजवे म्हणजे बेसच्या गळ्यातले दिवे. वायर रात्रभर आत होती.”

“सकाळी ती खिळ्यावर असते!” जीशान म्हणाला.

“अंगद लावतो. तुझ्या ओरड्याच्या धाकानं. बेसला हात न लावता, इमानानं पुरावा गुंडाळून ठेवतो.”

अंगदनं जीभ चावली.

“मग खोचतं कोण? चहात लाटा उठतात, म्हणजे कुणीतरी वाजवतं. पट्टा आखडतो, म्हणजे तो माणूस बेस हनुवटीखाली धरतो.” सगळ्यांच्या माना फोटोकडे वळल्या. “आणि वाजवून झालं की वायर काढत नाही. जुन्या बेसला ना बॅटरी ना दिवे. वायर वर्षभर राहिली तरी बिघडत नव्हतं. काढली तर मात्र घोडा उधळायचा.”

“कंचा घोडा?” मामानं विचारलं.

इब्राहिमभाई बशीतल्या चहाकडे बघत होते.

“अब्बा?” जीशानचा आवाज बारीक झाला. “माझ्यासमोर टॉर्च म्हणता, आणि मी गेलो की…”

“खांदा दुखत न्हाई त्यानं,” इब्राहिमभाई पुटपुटले.

“दुखू नये म्हणूनच खोड हलकं केलं. पहिल्यांदा तुमच्याच हातात देणार होतो. तुम्ही नुसतं बघून टॉर्च म्हणालात.”

आयत पुढं झाली आणि भावाच्या हातातला बेस तिनं अब्बांच्या मांडीवर ठेवला. म्हाताऱ्यानं सवयीनं पट्टा वर ओढला. अंगठा जागेवर गेला. वायर नव्हती, तरी पाचवी तार लाकडातल्या लाकडात हलकेच घुमली.

“उद्या गिऱ्हाइकाला वाजवून दाखवू,” जीशान म्हणाला. “दोष बेसमध्ये नाही. आता विकता येईल.”

“दाखव. पन त्याला दुसरा करून दे.”

“का?”

इब्राहिमभाईंनी एकदा कल्याणकडं बघितलं, एकदा फोटोतल्या मास्तरांकडं, आणि मग पोराकडं.

“का म्हंजी? लई गोड केलायस, बेटा. माझ्या जुन्याहून गोड. ह्यो विकायचा न्हाई. ह्यो माझा हाय.”