परत जाणारी मूठ

दुकानात त्याला सगळे नावाडी म्हणत. जहाज तर सोडाच, साधी होडीसुद्धा त्याने कधी जवळून पाहिली नव्हती. गुडघाभर पाण्यात उतरायचं म्हटलं तरी तो काठावरूनच परत फिरे. पण लोकांच्या घरातली ती वल्हवायची मशीनं विकणं आणि सांभाळणं हा त्याचा धंदा, म्हणून नावाडी.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नसेल त्यांना सांगतो. लांबलचक रुळावर सरकणारी एक सीट, पुढे पाय बांधायचे पट्टे, आणि समोरच्या पेटीतून साखळीला लागून बाहेर येणारी एक मूठ. पाय रेटून मूठ पोटाशी ओढायची, की पेटीतला पंखा घूं घूं करत फिरतो. ओढ सैल केली की मूठ आपसूक पेटीकडे परत जाते, कारण आत एक रबरी दोरी ताणून बसवलेली असते. ओढायची मेहनत माणसाची, परत न्यायची दोरीची. अशी सरळ वाटणी.

लोक हे मशीन हौसेने घेतात. पहिल्या महिन्यात अंगाला घाम, दुसऱ्या महिन्यात कंटाळा, तिसऱ्या महिन्यात त्यावर ओले टॉवेल. एकदा एका गिऱ्हाइकाने 'मशीन कुरकुरतं' म्हणून नावाड्याला बोलावलं, तर रुळाखाली मांजरीने पिलं घातलेली! पिलं मोठी होईपर्यंत त्या भल्या माणसाने व्यायाम थांबवला, आणि नंतरही सुरू केला नाही. तक्रारी या अशा. हसत जावं, तेलाचं बोट फिरवावं, चहा घेऊन परत यावं.

त्या सकाळचं बोलावणं मात्र त्याच्या डोक्यात गेलं होतं. एकाच घरातून तिसऱ्यांदा. आणि त्या घरच्या साहेबांची तक्रार मशीनबद्दल नव्हतीच, बायकोबद्दल होती. साहेबांना मिस्त्री नको होता. साक्षीदार हवा होता.

घराच्या मागच्या अंगाला, पूर्वी जिथे अडगळ ठेवत त्या खोलीत व्यायामशाळा केलेली. एका भिंतीला आरसा, खाली काळी रबरी चटई, उंचावर एकच खिडकी. रबराचा वास, फरशी पुसायच्या औषधाचा वास, आणि त्याच्याखाली दबलेला तिसराच एक वास. वर्षानुवर्षं बंद असलेल्या टाकीचं झाकण उचललं की येतो तसा. या मशीनमध्ये तर पाण्याचा थेंब नसतो.

"आलात? या," साहेब म्हणाले. गळ्यात शिट्टी, हातात वेळ मोजायचं टिकटिकतं घड्याळ. "हिला एकदाच माझ्यासमोर सांगून टाका, मशीनमध्ये काही खोट नाही म्हणून."

"आधी बघतो, मग सांगतो."

"दोनदा बघितलंत की! दोनदा 'ठणठणीत आहे' म्हणालात. आता काय मुहूर्त काढायचाय?"

वहिनी दारात उभ्या होत्या, स्वेटरच्या बाह्यांत हात लपवून. मोठ्या आजारातून उठलेली बाई. डॉक्टर म्हणाले होते, थोडं चाला. साहेबांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. रोज सकाळी बायकोला मशीनवर बसवायचं आणि मागे घड्याळ घेऊन उभं राहायचं. आणि वर चारचौघांत म्हणायचं, मी तिच्यासाठी किती करतो!

"काय होतं, वहिनी?" नावाड्याने विचारलं.

"ओढतं."

"अगं, ओढायचंच असतं ते!" साहेब हसले.

"मी नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ते ओढतं... मी सोडायचं ठरवते, पण बोटं उघडत नाहीत."

त्यांनी हात बाहेर काढले. नावाड्याने या धंद्यात पुष्कळ तळहात पाहिलेत. घट्टे पडतात ते बोटांच्या बुडाशी. या हातांची बोटांची टोकं सोलवटलेली होती; हातातली वस्तू कोणी हिसकावत असावं आणि आपण ती पकडून राहावं, तशी.

"याला काही लावलं का नाही कोणी?" त्याचा आवाज नको तेवढा चढला.

"व्यायामाने होतं तसं. कौतुक पुरे. तुम्ही मशीन बघा."

नावाडी दात आवळून सीटवर बसला. मूठ ओढली. पंखा घुमला. ओढ सैल केली, मूठ परत गेली. पुन्हा ओढली, पुन्हा गेली. अगदी लोण्यातून सुरी जावी तशी. या धंद्यातला रिवाजच असा, की मूठ नीट परत गेली तर दोरी शाबूत. पेटी उघडत बसायचं कारण नाही. मागच्या दोन्ही वेळा त्याने एवढंच पाहिलं होतं. आजही तो हात झटकून उठला असता.

"झालं समाधान?" साहेब बायकोकडे बघत म्हणाले. "चल, बस. नाटकं खूप झाली."

झालं. नावाड्याचं टाळकं सरकलं. त्याने मुद्दाम पिशवीतला पेचकस काढला. पेटी उघडण्याची गरज नव्हती. पण या माणसाला तासभर ताटकळत ठेवावं, आणि तेवढा वेळ त्या बाईला टेकू द्यावं, एवढ्याच हिशेबाने त्याने पहिला स्क्रू सैल केला.

"वहिनी, बसा त्या स्टुलावर. वेळ लागेल."

झाकण निघालं तसा तो वास भसकन अंगावर आला. नावाड्याने विजेरी आत धरली.

दोरी तुटलेली होती. आज नाही, काल नाही. कधीचीच तुटून ती पेटीच्या तळाशी वेटोळं करून पडली होती, वाळून खारकेसारखी कडक झालेली. तिच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि जाळ्यावर धूळ बसली होती. साखळीचं जे टोक दोरीला अडकवलेलं असायला हवं, ते लोंबकळत पडलेलं नव्हतं. चाकावरून पुढे जाऊन ते हवेत ताठ उभं होतं, पेटीच्या मागच्या अंधाराकडे रोखलेलं. कशालाही न अडकवलेलं.

मग इतका वेळ मूठ परत कोण नेत होतं?

खरं सांगायचं तर नावाड्याला आधी भीती वाटली नाही, संताप आला. हे मशीन त्याने स्वतः खोकं फोडून बसवलं होतं, नवं कोरं. यावर कोणी मेलं नाही, कोणी रडलं नाही, याला आधीचा मालक नाही. भुताटकीला निदान काही कारण तरी असावं की नाही? तो पेटीत तोंड घालून दबक्या आवाजात म्हणाला, "कोण आहेस रे? माझ्या दोरीचं काम तुला कोणी सांगितलं? आणि आजारी बाईच सापडली तुला?"

आतून काही आवाज आला नाही. साखळीचं टोक मात्र किंचित वळलं... त्याच्याकडे.

तो मागे सरकला तो थेट आरशावर आपटला.

"वहिनी, तुम्ही यावर बसायचं नाही. आज नाही, कधीच नाही."

"हे सांगणारे तुम्ही कोण?" साहेब कडाडले.

"आत दोरी नाही, साहेब!"

"मग मूठ परत कशी जाते?"

"तेच तर म्हणतोय मी!"

"हिनेच पढवलंय तुम्हाला. तेल घालायला बोलावलं तर मिस्त्री भुतं दाखवायला लागले." त्यांनी पायातल्या चपला भिरकावल्या. "सरका. मी दाखवतो कसं चालतं ते. बघ गं, नीट डोळे उघडून बघ."

साहेबांनी पट्टे बांधले, मूठ धरली आणि ओढली. गेली परत. ओढली, गेली. "बघितलंस?" ते विजयाने म्हणाले. पंख्याचा सूर चढू लागला. नावाडी उघड्या पेटीत बघत होता: ते मोकळं टोक आत-बाहेर, आत-बाहेर, अंधारातल्या अंधारात धावत होतं.

"साहेब, पुरे. थांबा आता."

"थांबतो..."

थांबले नाहीत. सीट रुळावर खडखडत होती. साहेबांची मान लाल झाली, गळ्यातली शिट्टी छातीवर आपटू लागली.

"अहो, सोडा मूठ!"

"सोडतोय... सोडतोय ना... सुटत नाही..."

आता ते ओढत नव्हते. मूठ त्यांना ओढत होती. पाय पट्ट्यांत अडकलेले, अंग पार पुढे, पेटीकडे खेचलेलं. नावाड्याने त्यांचे हात धरून बोटं उकलायला पाहिलं. बर्फासारखी गार, आणि वरून दुसरी बोटं आवळून बसावीत तशी मिटलेली.

वहिनी स्टुलावरून उठल्या. शांतपणे नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आता पटलं?"

"पटलं... पटलं..."

त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. तो क्षण नावाड्याला फार लांब वाटला. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, तोडा."

त्याने कटर काढला आणि मुठीपासून हातभर अंतरावर साखळी तोडली. साहेब मागे कोसळले. तुटलेली साखळी खाली पडायला हवी होती. ती सळकन पेटीत ओढली गेली. मग खोलीत फक्त पंखा हळूहळू थांबत गेल्याचा आवाज.

त्याच दुपारी वहिनी एक बॅग घेऊन भावाकडे गेल्या. जाताना नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "मी चालेन. एकटी, आणि मला झेपेल तेवढंच." नावाड्याने मशीन टेम्पोत टाकून भंगारात दिलं. फोडताना भंगारवाल्याने पेटी उलटीपालटी केली. साखळी आत नव्हती. कुठेच नव्हती. मूठ आणि तिला लागलेला हातभर तुकडा तेवढा नावाड्याने दुकानात खिळ्याला टांगून ठेवला. धंद्यातले लोक बढाया मारायला लागले की दाखवायला.

भावाने निरोप दिला, ताईचे हात भरून येतायत, रोज कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत चालते. ऐकून नावाड्याला बरं वाटलं. साहेबांचा विचार त्याने मनातून काढून टाकला. असल्या माणसाची कीव करायची तर उद्या धंदाच बंद करावा लागेल.

मग एक दिवस दुकान नुकतंच उघडलं होतं, तेव्हा साहेबांचा फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला.

"ती मूठ... तुमच्याकडे आहे का?"

"आहे की. साक्षीला ठेवलीये," नावाडी खोचकपणे म्हणाला. "का? पुन्हा वहिनींची खोट काढायचीय?"

"नाही हो... मला द्या ती. आत्ता आणून द्या."

"मशीन गेलं भंगारात. नुसती मूठ घेऊन काय करणार?"

पलीकडे धाप लागल्यासारखा श्वास. "मूठ होती तोवर बरं होतं... आता धरायला काही नसतं... तर ते मनगट धरतं."

नावाड्याच्या तोंडून एक चांगला खरमरीत शब्द निघणार होता. तो राहूनच गेला, कारण त्याची नजर खिळ्याकडे गेली. साखळीचा तुकडा खाली लोंबत नव्हता. खिळ्यावरच्या मुठीपासून तो थेट आडवा, ताठ, दुकानाच्या उघड्या दाराकडे रोखलेला होता. तुटक्या टोकाशी कोणी नव्हतं. फोनमध्ये साहेबांचा श्वास आत गेला की साखळी ताणली जाई आणि खिळा भिंतीत करकरे. श्वास सुटला की ती सैल पडे.

"साहेब?" तो कुजबुजला. "साहेब, ऐकताय ना?"

फोनमधला श्वास थांबला.

साखळी थांबली नाही.