लॉर्ना, तू बसून राहा!

“सोमवारपासून ऑफिसात गेनर बसेल, घराचा कारभार तीच बघेल,” आई म्हणाली, आणि लॉर्नाच्या हातातली चहाची किटली जरासुद्धा हलली नाही. तिनं आईचा कप भरला, धाकट्या बहिणीचा, गेनरचा भरला, दूध घातलं, बिस्किटांची बशी पुढे सरकवली... जणू उद्या वारा सुटेल एवढंच कुणी सांगितलं होतं!

“ऐकलंस ना, लॉर्ना?”

“ऐकलं. अजून दूध हवंय का?”

अहो, दुसरी कुणी असती तर त्या किटलीचे तुकडे भिंतीवरून वेचावे लागले असते! लॉर्नानं मात्र किटली अलगद खाली ठेवली. काळजात कळ उठेल म्हणून तिनं वाट पाहिली. कळ उठली नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई टोचतो आणि अर्धा जबडा आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंतःकरणच बधिर होऊन गेलं होतं. तिनं कप विसळले आणि म्हाताऱ्या मिस्टर ऑग्डनच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून निघून गेली.

इंग्लंडातल्या मोरकमच्या किनाऱ्यावरचं ‘हेदर बँक’ हे मूळचं सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना उतरवून घेणारं घर. वडील अचानक गेले, पाहुणे स्पेनच्या उन्हाकडे पळाले, आणि ईनिडबाईंनी, म्हणजे या दोघींच्या आईनं, त्याच खोल्यांत म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला घेतलं. तेव्हा लॉर्नाचं लग्न ठरलेलं होतं. अ‍ॅलन कॅनडाला निघाला होता, तिचंही तिकीट काढलेलं होतं. “आईला एकटीला झेपायचं नाही,” एवढंच म्हणून तिनं अंगठी परत केली! रडली नाही, रुसली नाही, कुणाला कधी ऐकवलंही नाही. गेनर तेव्हा शाळेत होती. लॉर्नाच्या कमाईवर ती शिकली, मोठ्या दुकानांची व्यवस्थापक झाली, नवऱ्याशी काडीमोड घेतला आणि अलीकडेच दोन सुटकेस आणि तोंडाचा पट्टा घेऊन माहेरी परतली. आणि इथे लॉर्नाचे केस म्हाताऱ्यांच्या अंघोळी घालता घालता पांढरे झाले... तिचा आरशाशी संबंध भांग पाडण्यापुरताच उरला होता.

आता खरं सांगायचं तर ऑफिसची खुर्ची आधी लॉर्नालाच देऊ केली होती. अशी घरं चालवणाऱ्यांसाठी कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, नेतृत्वाचा वर्ग काढला, तेव्हा आईनं तिचंच नाव घातलं होतं. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी टोपली फिरवली: फोन यात टाका, आजचा दिवस तुमचं घर तुमच्याशिवाय चालू द्या. सगळ्यांनी टाकले. लॉर्नानंही टाकला... आणि जेवणाच्या सुट्टीत तो काढून घेऊन बस पकडून ती सरळ घरी आली! का, तर मिस्टर ऑग्डनच्या ताटातलं मटण कोण कापून देणार? पुढच्या आठवड्यापासून तिच्या जागी गेनर जाऊ लागली. लॉर्नाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कुणीतरी घरी थांबायला हवंच होतं ना!

संध्याकाळी ती पुन्हा आईच्या खोलीत गेली. गेनर तिथेच होती.

“शनिवारी मी बेरिलकडे जाते. वेल्सला,” लॉर्ना म्हणाली. बेरिल म्हणजे त्यांची मावसबहीण.

“किती दिवस?” गेनरनं विचारलं.

“कायमची.”

आईच्या मांडीवरचं विणकाम खाली घसरलं. लॉर्नानं वाकून ते उचललं, घडी घालून परत दिलं.

“आता रुसून बसणार का? या वयात?” गेनर म्हणाली.

“रुसले नाही गं. मला काही वाटतच नाहीये.”

ती खोटं बोलत नव्हती, हेच तर भयंकर होतं! गेनरनं आईकडे पाहिलं.

“बरं, जा,” ती म्हणाली. “पण गुरुवारचं माझं एक काम कर. आपल्याकडची म्हातारी माणसं स्वतः स्वयंपाक करणार आहेत. गल्लीतली एकटी राहणारी माणसं जेवायला बोलावलीत. आपल्या खोल्या रिकाम्या पडतात, बाहेर सगळे म्हणतात इथे माणूस नुसता बसून मरायला येतो. मला ते बदलायचंय.”

“मग मी काय करू? भाज्या चिरून ठेवू?”

“काही नाही करायचं. तू फक्त बसून राहा.”

गुरुवारी लॉर्ना जेवणघरात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. हात मांडीवर. मधलं मोठं टेबल बटाट्यांनी, गाजरांनी, कांद्यांनी भरलेलं. हॉटपॉट करायचं होतं, खाली मटण आणि वर बटाट्याच्या चकत्यांचा थर. मिसेस पिलिंग कांदा कापता कापता रडत होत्या आणि सगळ्यांना सांगत होत्या, “कांद्यामुळे नाही हं, नवऱ्याची आठवण आली. त्याला कापताच यायचा नाही मेल्याला!” जेवणघर खदखदून हसलं. लॉर्नानं मान वर केली. या बाई विनोद करतात? तिला कधी माहीतच नव्हतं...

मिस्टर ऑग्डन जन्मभर बस चालवलेले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायचा. त्यांनी एक बटाटा घेतला होता आणि तोच एक बटाटा ते कधीचे सोलत होते. साल तुटायची, बटाटा निसटून टेबलावर गडगडायचा, ते पुन्हा तो पकडायचे. लॉर्ना खुर्चीच्या कडेवर सरकली. शेवटी न राहवून ती उठलीच!

“द्या इकडे, मिस्टर ऑग्डन. मी करते पटकन.”

“लॉर्ना, तू बसून राहा!” गेनर ओरडली.

पण लॉर्नाचा हात त्यांच्या हातातल्या सुरीवर पोचलाही होता. आणि मिस्टर ऑग्डननी, ज्यांनी आजवर तिला साधा नकार दिला नव्हता, त्यांनी हात मागे ओढून घेतला.

“राहू दे, पोरी.”

“अहो, लागेल तुम्हाला!”

“लागू दे की! रक्त येईल, पट्टी लावू. माझाच हात आहे ना?” त्यांनी बटाटा छातीशी धरला. “इथे आलो तेव्हापासून तू माझं मटण कापतेस. मला येत होतं गं कापायला. वेळ लागायचा, पण येत होतं. तू एवढ्या मायेनं करायचीस... तुला नको कसं म्हणू? मग खरंच येईनासं झालं.”

 मिसेस पिलिंगची सुरी थांबली. लॉर्ना तशीच उभी होती, रिकामा हात पुढे केलेला. छातीत काहीतरी दुखायला लागलं होतं, खोल, अगदी खोल... आणि किती दिवसांनी दुखत होतं!

“आई,” ती वळली, “म्हणून तू मला डावलून ऑफिस गेनरला दिलंस?”

ईनिडबाई टेबलाच्या टोकाला वॉकर धरून उभ्या होत्या. त्या पडतील म्हणून लॉर्नानं त्यांना स्वयंपाकघरात येऊ देणंच बंद केलं होतं.

“हो,” त्या म्हणाल्या. “तुझ्या हाताखाली आम्ही सगळे पांगळे होत चाललो होतो. मीसुद्धा! माझ्याच घरात मला चहा करता येत नाही, लॉर्ना.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुठल्या तोंडानं बोलू?” म्हाताऱ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “जिनं माझ्यासाठी सगळं आयुष्य टाकलं, तिला सांगू, की आता पुरे कर? त्या पोराची अंगठी तू परत केलीस, तेव्हा मी तुला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही... कारण मला तू हवी होतीस! मी घाबरले होते गं. एकदाही विचारलं नाही, की तुला काय हवंय. आणि मग तूही कुणाला विचारायचं शिकली नाहीस. मीच तुला तसं केलं. मला क्षमा कर, पोरी!”

लॉर्नाला वाटलं, आपण म्हणणार, असू दे आई, काही नाही. तेच शब्द कायम तोंडात तयार असायचे. पण या वेळी ते आलेच नाहीत. आला तो हुंदका, एवढा मोठा, की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

“मला जायचं होतं!” ती म्हणाली. “मला अ‍ॅलनबरोबर जायचं होतं, आई! मला फार जायचं होतं...”

“माहीत आहे मला,” आई म्हणाली. “तेव्हाही माहीत होतं.”

गेनरनं बहिणीला मागून घट्ट मिठी मारली आणि तिच्या पाठीवर डोकं टेकून तीही रडू लागली. “आणि मी तुझ्या पैशांवर शिकले,” ती पुटपुटत होती, “आणि आल्या आल्या तुलाच अक्कल शिकवायला लागले...”

“बटाटे कोण सोलणार मग?” मिस्टर ऑग्डन म्हणाले. “सगळ्या बायका रडायला बसल्यात!”

जेवण चांगलंच उशिरा झालं. गल्लीतले पाहुणे येऊन, कोट काढून, भुकेनं ब्रेड खात बसले, आणि कुणी तक्रार केली नाही. गाजराचे तुकडे काही नीट, काही वेडेवाकडे, एका कडेनं हॉटपॉट करपलेलं. वाढायची वेळ आली तशी लॉर्ना सवयीनं उठली.

“बस,” आई म्हणाली. “तुझं मी आणते.”

ईनिडबाईंनी वॉकरच्या तबकावर ताट ठेवलं आणि निघाल्या. जेवणघर ओलांडायला त्यांना किती वेळ लागला! रस्सा हिंदकळत होता, एक चाक गालिच्यात अडकलं, कुणीतरी उठू लागलं तर गेनरनं डोळ्यांनी दटावून बसवलं. लॉर्नानं खुर्चीची कड दोन्ही हातांनी आवळून धरली. प्रत्येक पावलाला तिचा जीव वरखाली होत होता, डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, पण ती उठली नाही. ताट समोर आलं. आईनं काटा-सुरी नीट मांडली आणि शेजारी उभी राहिली. लॉर्नानं एक घास खाल्ला.

“कसं झालंय?”

“बटाटे कच्चे आहेत, आई.”

ईनिडबाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. आणि मग रडता रडता अशा हसल्या, की लॉर्नाला वडील असतानाची आई आठवली.

“शनिवारी मी बेरिलकडे जाणारच आहे,” लॉर्ना म्हणाली. “पण कायमची नाही. आणि तिथून फोन करणार नाही हं मी, घर माझ्याशिवाय चालू दे.”

“करू नकोस,” आई म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली.