अर्धा दाब

धरणाच्या भिंतीवरची बंदूक माणसाच्या बोटाशिवाय चालवायची नाही, असा कायदा होता. म्हणून तिचं बटण दोन टप्प्यांचं. हलकं दाबलं की पहिली तार तळहाताएवढ्या संगणकाला कळवी, नेम धर. आणखी खाली रेटलं की दुसरी कळवी, गोळी झाड. या दोहोंमधल्या क्षणाला कायद्यात ‘विचारकाळ’ म्हणत.

भिंतीवरच्या मनोऱ्यात बंदुकीशी बसलेल्या इंदुमती घुगेचं बोट त्याच क्षणात होतं. पाण्यासाठी चालून आलेल्या जमावानं खालचं फाटक पाडलं होतं. पहारेकरी सोपान मातीत पडला होता आणि एक माणूस त्याच्यावर पहार उगारून उभा होता. इंदुमतीनं अर्धं दाबलं. माणसानं मनोऱ्याकडे पाहिलं आणि पहार टाकून दिली. ती थांबली.

बंदूक थांबली नाही. माणसाचा जबडा उडाला. त्याच्या मागची बाई पोट धरून खाली बसली, ती उठलीच नाही. जमाव पांगला.

तारा जोडणारा इंजिनिअर सलील मनोऱ्यातच होता. इंदुमतीनं त्याची कॉलर धरली.

“मी दाबलं नाही रे! तुझी तार चिकटली!”

सलीलनं डबा उघडून मीटर लावला. “तारा ठीक आहेत, ताई. हा पूर्वदाब.”

“माणसासारखं बोल.”

“तुम्ही पूर्ण दाबेपर्यंत खाली आपली माणसं मरायची. म्हणून संगणकाला तुमचं बोट शिकवलं. पहिला टप्पा जुळताना बटण किंचित थरथरतं. त्या थरथरीवरून तो ओळखतो की तुम्ही पुढे दाबणार, आणि आधीच झाडतो.”

“आणि चुकला तर?”

“नोंदींत एकदाही चुकलेला नाही.” सलील बोलता बोलता अडखळला. त्यानं आजची नोंद काढली. दुसरा टप्पा दाबलेला होता, पण गोळीच्या नंतर. “आवाजानं दचकून तुमचं बोट खाली जातं, ताई. संगणकाला वाटतं, आपला अंदाज खरा ठरला.”

“मग आजवर जी माणसं पडली, त्यातली मी मारलेली कुठली?”

“आता कोणालाच सांगता येणार नाही.”

खाली पुन्हा ओरडा उठला. जमाव प्रेतांसाठी परतला होता. कुणी सोपानचे केस धरून डोकं फाटकावर आपटत होतं.

“ताई, मारतील त्याला!”

“आधी तुझा तो पूर्वदाब काढ!”

सलीलची बोटं कळफलकावर धावली. “काढला. आता तुम्ही पूर्ण दाबल्याशिवाय गोळी सुटणार नाही.”

इंदुमतीनं अर्धं दाबलं. नेम एका तरुण पोरीवर बसला. रक्तानं माखलेल्या सोपानच्या डोक्यावर तिनं दोन्ही हातांनी धोंडा धरला होता आणि ती हमसाहमशी रडत होती.

“टाक गं,” इंदुमती पुटपुटली. “टाक बाजूला.”

पोरीनं धोंडा बाजूला टाकला.

बंदूक कडाडली. पोर सोपानच्या अंगावर कोसळली.

“काढला म्हणालास ना मेल्या!” इंदुमती किंचाळली.

सलीलनं पडदा तिच्याकडे वळवला. “काढलेलाच आहे, ताई.”

तिनं बोटाखाली पाहिलं. बटण तळाला टेकलं होतं. इतकी वर्षं अर्ध्या दाबानंतर आवाज व्हायचा आणि आवाजानं दचकून बोट खाली जायचं. या वेळी बोटानं आवाजाची वाट पाहिली नव्हती.