गोठवलेली लय

त्या काळी कळफलक माणसाची बोटं ओळखत. कोणती कळ किती जोरात दाबली, दोन अक्षरांमध्ये बोट कुठे रेंगाळलं, हे सारं आतली चिप टिपून ठेवी. या नोंदीला ‘लय’ म्हणत. लयीप्रमाणे कळा बोटांना किंचित उलट ढकलत आणि पुढच्या अक्षराकडे नेत.

चिपची स्मृती मात्र चिमुकली. तिच्यात कायमची वसलेली आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, फार काटकसरीनं लिहावी लागे. मृदुलाचं पोटापाण्याचं कामच ते, पण घरच्या कळफलकानं तिच्या नाकी नऊ आणले होते. आईची बोटं अलीकडे थरथरू लागली होती. डॉक्टरांना काही दोष सापडेना. थरथर गाळणारी नवी आज्ञावली बसवायची, तर चिपमध्ये जागा नव्हती.

“बाबांची लय पुसली तर मावेल,” मृदुला चाचरत म्हणाली.

“माझी पूस. त्यांच्या लयीवर लिहिताना वाटतं, त्यांनीच बोटं धरलीत. ते गेल्यापासून तेवढाच आधार आहे गं मला.”

मृदुलाला दोन्हींपैकी एकही पुसवेना. बाबा गेले त्याच दिवशी तिनं त्यांची लय गोठवली होती. न जाणो, आईच्या बोटांनी ती बदलली तर!

तिनं आज्ञावलीतून कळांखालचे दिवे काढले, गाण्यांच्या कळा काढल्या, कुणी न वापरलेल्या सोयींना नारळ दिला. तरी कमीच पडत होतं. मग तिनं दोन्ही लयी शेजारी मांडल्या. सारखं असेल ते एकदाच साठवायचं, वेगळा ठेवायचा तो फक्त फरक. धंद्यातली जुनीच युक्ती.

सगळं मावलं, वर रग्गड जागा उरली. फरक जवळजवळ शून्य होता.

“एवढ्या वर्षांचा संसार आहे,” आई लाजून हसली.

मृदुलानं आईच्या लयीची, बाबा असतानाची जुनी प्रत उघडली. ती साफ वेगळी होती. गोठवलेल्या कळा काही शिकू शकत नव्हत्या, म्हणून आईची बोटंच शिकली होती. आणि शेवटच्या वर्षी बाबांचा हात थरथरत असे.

“आई, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. ही थरथर बाबांची आहे. पुसू दे मला ती लय.” बोलता बोलता तिला रडू फुटलं.

आईनं थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला.

“रडतोस काय, बंडोपंत?”

मृदुलाला त्या नावानं फक्त बाबा हाक मारत. आईला ते नाव कधीच आवडलं नव्हतं.