निरोगी रक्त

ही गोष्ट ऐकीव आहे, पण खोटी नाही. जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी मावसबहीण. मीठसुद्धा मोजून टाकणारी. उगाच काहीबाही दिसणाऱ्यांतली ती नव्हे.

गेल्या हिवाळ्यातली, सुट्टीच्या दिवशीची भर दुपार. जागा, तिच्या प्रयोगशाळेतली काळोखी खोली. खिडकी नाही. दार एकच.

तिथे काचेच्या पट्टीवर एक थर चढवतात. केसाहून कितीतरी पातळ. जांभळ्या दिव्याखाली तो हिरवा उजळतो. त्यावर रक्ताचा थेंब टाकायचा. माणसाला फुप्फुसाचा एक ठरावीक आजार असेल, तर उजेड विझतो. नसेल, तर तसाच राहतो.

हा थर तिथल्या प्रमुख, मोठ्या बाईंनी घडवला. प्रत्येक नवी पट्टी तोंडाशी धरून त्या तिच्यावर 'हा' करायच्या. वाफ एकसारखी उडाली की म्हणायच्या, "चांगली आहे."

मगच पट्टी पुढे जायची.

तुलनेसाठी निरोगी रक्तही लागतं. ते बाई स्वतःचंच द्यायच्या. "बाहेर कुठे शोधत बसू? मी आहे की धडधाकट."

कितीतरी वर्षं सगळ्यांनी त्यांचंच रक्त निरोगी धरलं. त्यांची पट्टी मंद होत गेली, तेव्हा सगळे म्हणाले, थर बिघडतोय.

थर ठणठणीत होता.

बाई त्याच आजाराने गेल्या.

मग निरोगी रक्त कुणाचं घ्यायचं? माझ्या बहिणीने बाही वर केली. तिला तेव्हा बारीक खोकला होता. हवा बदलली, म्हणाली.

तिच्यासोबत काम करणाऱ्याला सगळे 'दाढी' म्हणतात. तो म्हणाला, "खोकतेस, आणि निरोगी म्हणून रक्त देतेस? बाईंची गादी चालवणार वाटतं."

"मग तू दे."

"मला सुई बघूनच घेरी येते, ठाऊक आहे ना तुला."

हसत हसत तो डबा खायला बाहेर गेला.

तिने दोन पट्ट्या मांडल्या. एकीवर आपल्या रक्ताचा थेंब, दुसरी कोरी. दोन्हींवर काचेचं झाकण ठेवलं. दिवा लावला.

दोन्ही हिरव्यागार.

तिने सुस्कारा सोडला, मास्कच्या आतल्या आत.

आणि तेवढ्यात…

हा…

अगदी खांद्यामागे. सावकाश.

ती वळली नाही. तिची नजर पट्टीवर होती. थेंबाच्या पट्टीवर, झाकणाच्या आत… वाफ धरत होती. लांबट गोल. तोंडाएवढा.

वाफ एकसारखी उडाली.

त्या पट्टीवर आता उजेड नव्हता.

शेजारची कोरी पट्टी मात्र लखलखत होती.

ती तशीच बसून राहिली. आता बाईंचे ते दोन शब्द येतील, म्हणून.

खोलीत दिव्याची गुणगुण तेवढी होती.

"दाढी, आत ये," तिने हाक मारली.

त्याने पाहिलं. "फुंकलीस?"

"तोंडावर मास्क आहे माझ्या. आणि पट्टीवर झाकण आहे."

त्याने नवी पट्टी घेतली, तिचंच रक्त टाकलं. ती उजळ राहिली. पुन्हा टाकलं. तीही उजळ. "पहिली पट्टीच सदोष असणार," तो म्हणाला. पण नंतर कितीतरी दिवस तो त्या खोलीत एकटा गेला नाही.

ती दवाखान्यात जाऊन आली. फोटो काढले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ आहेत. खोकलाही गेला.

मी म्हटलं, "मग झालं की. अजून कुणाचं ऐकायचंय तुला?"



मागच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली होती. बोलता बोलता तिने चष्मा काढला. एका काचेवर 'हा' केलं आणि पदराने पुसली.

दुसरी काच अजून तिने तोंडाजवळ नेलीच नव्हती.

ती हळूहळू धुरकट झाली…

मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी.

वाफ उडेपर्यंत ती चष्मा हातात धरून थांबली. मान जराशी कलती करून, मागून कुणी काही सांगणार असल्यासारखी.

मीसुद्धा कान दिला.

कुणीच काही बोललं नाही.