सोमवारची कॅसेट

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास अंजना कांबळे केबल वाहिनीच्या कॅसेटच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चप्पल तिनं जिन्याखालीच काढली होती. भाऊसो व्हीसीआर उघडून आतला भाग पुसत होते. त्यांनी मान वर केली आणि लगेच खाली घातली. एकाच गल्लीत राहूनही आठवडाभर ते तिला चुकवत होते. काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

"दादा, माझ्या संघर्षनं लिवून दिलं," ती म्हणाली. "म्याच मारलं म्हणून. उद्या कोर्टात नेणार हायत."

भाऊसोंनी तिला स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

प्रकरण सगळ्या कोल्हापूरला तोंडपाठ होतं. 'तुतारी' या केबल वाहिनीचे मालक दोन, उदयसिंह सरनोबत आणि सयाजी मगदूम. मुंबईच्या बड्या कंपनीला वाहिनी विकायचं उदयसिंहांच्या मनात होतं आणि सयाजी सही करायला तयार नव्हता. गेल्या सोमवारी संध्याकाळी शिरोली एमआयडीसीतल्या वायरींच्या गोदामात कुणीतरी सयाजीचं डोकं लोखंडी पहारीनं फोडलं. सव्वासातला त्यानं घरी फोन केला होता. सात चाळीसला संघर्षला तो पडलेला सापडला.

संघर्ष वाहिनीचा कॅमेरामन, चोवीस वर्षांचा. साडेसातला गोदामात जाऊन वायरीचं भेंडोळं आण, असं उदयसिंहांनी त्याला दुपारीच सांगून ठेवलं होतं. त्यानं सयाजीचं डोकं मांडीवर घेतलं, आरडाओरडा केला, माणसं जमली. अंगभर रक्त. त्यात दोनच दिवस आधी सयाजीनं त्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती आणि जातीवरून बोलला होता. पोलिसांना आणखी काही लागलं नाही.

उदयसिंहांवर संशय घ्यायला जागाच नव्हती. सात ते आठ ते अर्ध्या शहराच्या घरात बसले होते. रोज त्या वेळी त्यांचा 'मनातलं' हा कार्यक्रम थेट लागायचा. वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत दार आतून लावून, एका ठिकाणी ठोकलेल्या कॅमेऱ्यासमोर, ते एकटेच प्रेक्षकांची पत्रं वाचायचे. आवाज मोठा मायेचा. त्या दिवशी त्यांनी तारीख सांगितली होती आणि सकाळीच वारलेल्या एका मास्तरांना श्रद्धांजलीही वाहिली होती. पोलीस आले तेव्हा त्यांनी स्वतः होऊन त्या दिवसाची कॅसेट दिली. पोलिसांनी पहिली दहा मिनिटं पाहिली आणि परत केली.

"माझं एक काम करा," अंजना म्हणाली. "त्या दिवशीच्या तुमच्या कॅसेटींत माझा पोरगा कुठं दिसतोय का बघा. रस्त्यात, बाजारात, कुठंबी."

"नाही हो ताई. त्या दिवशी बाहेरचं चित्रण नव्हतं."

ती वळली. दाराच्या चौकटीला हात लावून क्षणभर थांबली.

"मी तवा टीव्हीच बघत बसलेली. मालकांनी हात जोडलं आन् मधीच दोन पैलवान झोंबताना दिसलं. म्हटलं, केबल बिघडली. तवर शेजारनीनं हाक मारली की तुमच्या पोराला पकडलंय."

ती जिना उतरून गेली. भाऊसोंच्या हातातला कापसाचा बोळा तसाच राहिला.

ते पैलवान त्यांनीही पाहिले होते, मंगळवारी सकाळी, रोजच्यासारखी आदल्या दिवशीची कॅसेट तपासताना. आणि पाहिल्यावर ते घाबरले होते ते भलत्याच कारणानं. माझंच काहीतरी चुकलं, असं त्यांना वाटलं होतं.

तालुक्याच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यावर ते इथे कॅसेटी सांभाळायला लागले. थेट दाखवलेला प्रत्येक कार्यक्रम इथे टेपवर घेतला जाई. कुस्त्या, सभा, मिरवणुका मांडणीवर नंबरानं जात. 'मनातलं'साठी मात्र सातच कॅसेटी होत्या, वारांच्या नावाच्या. सोमवारची कॅसेट पुढच्या सोमवारी पुसून तिच्यावरच नवा कार्यक्रम घ्यायचा. मांडणीवरच्या जुन्या कॅसेटीही जागा झाली की पुन्हा वापरायच्या. भाऊसो अशा कॅसेटला आधी लाल खूण करत. नवं चित्रण जुन्यापेक्षा तोकडं असलं तर ते संपताच खालचं जुनं वर येतं. त्याला ते शेपूट म्हणत. म्हणून प्रत्येक नव्या चित्रणामागं ते दोन मिनिटं नुसता काळा पडदा भरून ठेवत. हे काम त्यांच्याशिवाय कुणी करत नसे. ते चालतं हे कुणाला माहीतही नव्हतं.

सोमवारच्या कॅसेटचं शेपूट मागच्या खेपेला आपल्याकडून झाकायचं राहून गेलं, असं समजून ते मंगळवारी गप्प बसले होते. एकसष्टाव्या वर्षी मिळालेली नोकरी होती.

आता त्यांनी ती कॅसेट पुन्हा लावली. उदयसिंहांनी हात जोडले. लगेच दोन पैलवान, मागे मैदानाचा भगवा फलक. पाच सेकंद. मग 'धन्यवाद'ची पाटी.

भाऊसोंनी चष्मा काढून पुसला. सोमवारच्या कॅसेटवर जन्मात कधी कुस्ती घेतलेली नव्हती. मग तिच्या शेपटात कुस्ती येणार कुठून? आणि अंजनानं तर ती घरी बसून, त्याच वेळी पाहिली होती. म्हणजे कुस्ती कॅसेटच्या पोटात नव्हती. ती त्या संध्याकाळी थेट प्रक्षेपणात गेली होती आणि कॅसेटनं तिला नुसतं टिपलं होतं.

त्यांनी मांडणीकडे पाहिलं. भगव्या फलकाचं कुस्तीमैदान एप्रिलमधलं, नंबर दोनशे बारा. खोक्याला हात लावताच कळलं, आत काही नव्हतं. आणि ती कॅसेट गेली कुठं, हे त्यांना शोधावं लागलं नाही. त्यांनीच ती दिली होती.

अकरा वाजता गुंडू आला. गुंडू खालच्या खोलीत प्रक्षेपणाचं यंत्र सांभाळायचा. भाऊसोंनी दार लोटून घेतलं तसा तो बिचकला.

"गुंडू, गेल्या सोमवारी आठ वाजता कुस्ती कशी लागली?"

"कुनी सांगितलं तुमास्नी?"

"पाहिली मी."

गुंडूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मालकांस्नी बोलू नका काका. माझाच हात कुठंतरी लागला असंल. पाच मोजस्तवर पाटी लावली की."

"हात कुठं लागला?"

"त्येच कळंना. म्हणून तर गप बसलो."

"खाली यंत्रं किती?"

"येकच व्हीसीआर. त्यो तर कार्यक्रम टिपत हुता."

"टिपत असलेल्या व्हीसीआरमधून दुसरी कॅसेट वाजेल?"

"काय बोलताय काका. येका तोंडानं कुनी गिळतंय आन् गातंय व्हय?" गुंडू हसला, आणि हसता हसता थांबला.

"मालक खाली कधी आले?"

"सव्वाआठला. घामाघूम. पंखा बंद पडला म्हनलं वरचा."

"जानेवारीत?"

गुंडूनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

दुपारी भाऊसो कॅसेट पिशवीत घालून निघाले. सोमवारच्या खोक्यात त्यांनी दुसरी ठेवली. संध्याकाळी सात वाजता गुंडू सवयीनं ती घेणार आणि पुसणार, हे त्यांना ठाऊक होतं. चौकीसमोरून ते दोनदा पुढे गेले. माझ्यासारख्याचं कोण ऐकणार, आणि चुकलं तर? तिसऱ्यांदा मात्र आत शिरले.

इन्स्पेक्टर कृष्णात चौगुले यांनी पाच सेकंदांची कुस्ती चार वेळा पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मिटलेलं प्रकरण उघडणारा माणूस कुणाला आवडतो? पण त्यांनी टोपी उचलली.

पाच वाजता उदयसिंहांच्या केबिनमध्ये चौघे बसले. चौगुले, उदयसिंह, गुंडू आणि खुर्चीच्या अगदी टोकावर भाऊसो. उदयसिंहांनी चहा सांगितला.

"बोला, ग्रंथपाल," ते हसून म्हणाले. लाडात आले की ते भाऊसोंना ग्रंथपाल म्हणत. "ऐकतोय मी ते खरं न्हवं ना?"

भाऊसो टेबलाकडे बघत बोलू लागले.

"कार्यक्रम संपताच लोकांना कुस्ती दिसली. ही कॅसेट त्याचा पुरावा. ती कुस्ती आली कुठून, एवढाच प्रश्न आहे. खालचा व्हीसीआर कार्यक्रम टिपत होता, तो दुसरं काही वाजवू शकत नाही. म्हणजे ती वरून आली, स्टुडिओच्या वायरीतून. स्टुडिओत फक्त कॅमेरा असतो. कॅमेऱ्यासमोर तुम्ही होता, पैलवान नव्हते. मग त्या वायरीला कॅमेरा नव्हताच. व्हीसीआर होता."

"इथं व्हीसीआर दोनच हायत," उदयसिंह चौगुल्यांकडे वळून म्हणाले. "दुसरा त्या दिवशी दुरुस्तीला दिलता. विचारा यांनाच."

"सोमवारी दुपारी माझ्या टेबलावरून तो तुम्ही नेलात. बिघडलाय म्हणालात. मंगळवारी सकाळी आणून ठेवलात. त्याच्या तोंडात आठवड्याची धूळ तशीच होती. मी आज पुसली. दुरुस्तीला गेलेलं यंत्र पुसल्याशिवाय येत नाही." भाऊसोंनी चष्मा सारखा केला. "सोमवारी यंत्र नेतानाच तुम्ही माझ्याकडून एक कॅसेट मागितलीत. नको असलेली, लांबलचक. मी दोनशे बारा दिली, एप्रिलच्या कुस्त्यांची. दुपारी दार लावून तुम्ही तासाभराचा कार्यक्रम तिच्यावर घेतलात. तारीख, मास्तरांची श्रद्धांजली, सगळं खरं, कारण दिवस तोच होता. सात वाजता व्हीसीआर चालू केलात आणि मागच्या लोखंडी जिन्यानं उतरलात. दाराबाहेरचा लाल दिवा लागला की वर कुणी फिरकत नाही. मोटारसायकलनं शिरोली वीस मिनिटं. संघर्षला साडेसातला तुम्हीच बोलावलं होतं. आठच्या आत परत यायचं, कॅसेट थांबवायची, मग खाली यायचं."

"आणि?"

"आणि तुम्ही वेळेत आला नाहीत. साहेबांनी वायरलेसवर विचारून घेतलंय. त्या संध्याकाळी साडेसातनंतर पंचगंगेच्या पुलावर उसाचा ट्रॅक्टर आडवा झाला होता. अर्धा तास कुणालाच पलीकडून येता आलं नाही."

उदयसिंहांनी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

"तुमची चूक तीही नाही," भाऊसो हळू आवाजात म्हणाले. "उशीर झाला तरी पडदा काळा राहील असं तुम्ही धरून चालला होता. इथल्या कॅसेटीमागं नेहमी काळा पडदा येतो, तुम्ही वर्षानुवर्षं तेच बघत आलात. तो आपोआप येतो असं तुम्हाला वाटलं. तो मी भरतो."

चौगुल्यांनी दोनशे बारा नंबर कुठाय म्हणून विचारलं. तेव्हा उदयसिंहांनी मान हलवली. जाळली म्हणाले. मग त्यांनी सगळंच सांगितलं, पत्र वाचावं तशा आवाजात. पहार गोदामातलीच होती.

"पण संघर्षच का?" चौगुल्यांनी विचारलं.

उदयसिंहांना तो प्रश्न बाळबोध वाटला असावा. "दुसरा कोण हुता? त्येच्या विरोधात तुमाला साक्षीदार तरी शोधायला लागला का?"

उदयसिंह उठले, हात पुढे केले आणि जाता जाता भाऊसोंसमोर थांबले.

"तुमाला नोकरी कुनी दिली, ग्रंथपाल?"

"तुम्ही," भाऊसो म्हणाले.

सात वाजायला आले तेव्हा चौकीत संघर्षला बाहेर आणलं. अंजना बाकावरून उठली. पोरगं भिंतीला धरून चालत होतं. उजव्या हाताला मळकी पट्टी होती आणि तिच्यातून बाहेर आलेली बोटं निळी पडली होती. ती वाकत नव्हती. अंजनानं तो हात दोन्ही हातांत घेतला. दारात सापडली बोटं, असं हवालदार सांगू लागला. कुणी विचारलं नसताना.

मग तिनं भाऊसोंच्या पायाला हात लावला. त्यांनी मागं सरायचा प्रयत्न केला, पण भिंत होती.

"दादा, तुमी नसता तर..." ती म्हणाली.

चौगुल्यांना भाऊसोंचा जबाब लिहून घ्यायचा होता. अंजना आणि संघर्ष समोरच्या बाकावर बसून राहिले. सह्या झाल्याशिवाय त्यांना सोडता येत नव्हतं. नाव, वय, धंदा झालं. चौगुले खाली मान घालून लिहीत होते.

"सदरची कॅसेट आणि तिच्यातली कुस्ती आपण पहिल्यांदा कधी पाहिली?"

भाऊसोंनी बाकाकडे पाहिलं. 'आज सकाळी' असं म्हणता आलं असतं. कुणी तपासलं नसतं.

"गेल्या मंगळवारी," ते म्हणाले. "सकाळी दहा वाजता."

चौगुल्यांचं पेन थांबलं. "मंगळवारी? मग आलात कधी तुम्ही?"

"आज."

"मधले सहा दिवस काय केलंत?"

"मला वाटलं, माझीच चूक आहे."

चौगुल्यांनी ते तसंच लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. अंजना पोराचा हात मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही. एकेका बोटावरून ती आपला अंगठा फिरवत राहिली.

"गुरवारी मोडली ही," ती म्हणाली.