कडी कुणी काढली?

आमच्या जावयाला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "मला तसा आदेश नव्हता."

दूध उतू गेलं, तुम्ही समोर उभे होतात, गॅस का नाही बंद केला? आदेश नव्हता. माझी लेक तापाने फणफणली होती, डॉक्टरकडे का नाही नेलं? आदेश नव्हता. माणूस तसा सरळ. म्हणजे कुणी ढकलेल त्या दिशेला सरळ.

पुढे जे सांगते आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. भुताच्या गोष्टीला अंधार लागतोच असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबावं. हे भर दुपारी घडलं. रविवारी, वस्तीबाहेरच्या 'परिवारा'च्या सभागृहात. माझ्या लेकीच्या बाबतीत.

परिवार म्हणजे जावई माझ्या लेकीला घेऊन ज्यांच्यात जायचा ती मंडळी. आधी चार जण एका खोलीत डोळे मिटून बसायचे. मग इमारत झाली. मग त्यांच्यातलाच एक जण 'थोरले' म्हणवून घेऊ लागला. मग थोरल्यांना उलटून विचारायचं नाही, असं झालं. मी एकदा म्हटलं, "अहो जावईबापू, हा धर्म आहे की टोळी?"

"आई, सगळे धर्म सुरुवातीला असेच दिसतात."

"मग सुरुवातीलाच नीट पाहिलेलं बरं की!"

त्यावर डोळे मिटून बसला. माझ्याच घरात, माझंच जेवून.

त्यांच्या बैठकीची एक रीत होती. बायका एका ओळीत बसायच्या, खांद्याला खांदा लावून. डोळे बंद, तोंड बंद, दाराला बाहेरून कडी. बैठक संपली की पहिलीने एक टाळी वाजवायची. मग दुसरीने. मग तिसरीने. टाळी न तुटता ओळीच्या टोकापर्यंत गेली, तरच बाहेरच्याने कडी काढायची. सुटी, एकटीच टाळी ऐकू आली तर बाहेरच्याने कडीला हात लावायचा नाही.

कडीवर आमचा जावई.

आणि कुणी परिवार सोडून गेलं, तर बाकीच्यांनी सरकून त्याची जागा मिटवायची. परत नाव काढायचं नाही.

लेकीच्या डाव्या हाताला एक मुलगी बसायची. सगळ्यांचे पांढरे कपडे तीच शिवायची, म्हणून शिवणवाली म्हणत. हसरी पोर. दमा होता, पंप कायम पिशवीत. एका बैठकीत तिने डोळे उघडले आणि मोठ्याने सांगितलं, थोरले माप घ्यायला म्हणून खोलीत बोलावतात आणि आतून कडी लावतात.

पुढचं तिने न सांगताही सगळ्यांना कळलं. सगळ्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"हिला शुद्धीची गरज आहे," थोरले म्हणाले. शब्द मागे घेईपर्यंत तिने सभागृहात एकटीने बसायचं.

त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही. आपल्या मर्जीने गेली, असं सांगण्यात आलं.

तिची पिशवी मात्र सभागृहाबाहेरच्या खुंटीवरच होती...

पुढच्या रविवारी लेक जाऊन बसली. सगळ्या सरकल्या. जागा मिटली. पलीकडच्या बाईचा खांदा लेकीच्या खांद्याला लागला. दाराला कडी पडली.

थोड्या वेळाने तिला डावीकडून गार लागलं.

तिने डोळे किलकिले केले. पलीकडची बाई हलली नव्हती. लेकही हलली नव्हती. दोघींच्या मध्ये मात्र...

एक माणूस बसेल एवढी जागा.

ती सरकली. खांदा टेकवला. डोळे घट्ट मिटले.

परत गार.

आणि आता श्वासही ऐकू येत होता. शिट्टीसारखा. वर चढताना अडकणारा...

बैठक संपली. टाळी निघाली. एकेकीकडून जवळ येऊ लागली. पलीकडच्या बाईने वाजवली. आता लेकीची पाळी. तिने हात उचलले.

त्याआधीच टाळी वाजली.

दोघींच्या मधून.

लेकीने कशीबशी आपली वाजवली. टाळी टोकापर्यंत गेली. कुठे तुटली नाही. कडी निघायला हवी होती.

निघाली नाही.

"अहो," लेकीने हाक मारली. "अहो, उघडा ना."

बाहेर पावलं वाजली. लांब जाणारी... पळणारी.

बाहेरचं जग आत नको म्हणून थोरल्यांनी खिडक्या विटांनी बुजवून घेतल्या होत्या. बायकांनी दार बडवलं. नखं तुटली. एकीला भोवळ आली. हवा जड होत चालली. आणि त्या रिकाम्या जागेतून टाळ्या येतच होत्या.

एक.

थांबून... आणखी एक.

दर वेळी आधीपेक्षा हळू.

तेव्हा माझ्या लेकीला उमगलं. दम लागला की तोंडातून शब्द फुटत नाही. हाक मारता येत नाही. म्हणून शुद्धीच्या दिवशी ती पोर एकटी बसून टाळी वाजवत होती. आणि दाराबाहेरचा माणूस पुढच्या टाळीची वाट बघत उभा होता.

मग टाळ्या थांबल्या.

काहीच आवाज नाही.

आणि... कडी सरकली. बाहेरून. सावकाश, जड वाटत असल्यासारखी.

दार उघडलं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. उंबऱ्याशी जावयाच्या चपला तेवढ्या पडल्या होत्या.

त्या चपलांचा धनी तोवर अनवाणी माझ्या स्वयंपाकघरात पोचला होता. बाकावर बसून पाणी पीत होता. काय झालं म्हणून विचारलं, तर एवढंच म्हणाला, "आज एक टाळी जास्त आली." मागोमाग लेक आली. हात सुजलेले. उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं, आणि मग त्याच्याकडे वळली.

"ती आत होती तेव्हा दारावर तुम्हीच होतात ना?"

"एकच टाळी येत होती," तो म्हणाला. "एका टाळीवर उघडायचं नसतं. मला वाटलं, दुसरी येईल..."

बोलता बोलता थांबला. बाकावर जरासा सरकला. मग आणखी सरकला. अगदी भिंतीला चिकटला.

शेजारी कुणी नव्हतं. हा जागा कुणाला करून देत होता?

बारीक शिट्टीसारखं काहीतरी मलाही ऐकू आलं. मी शेगडीकडे पाहिलं. शेगडीवर काहीही नव्हतं.

कडी कुणी काढली, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. त्या बाकावर मी अजून बसत नाही.

"आई," तो रडायला लागला, "बाहेर काही बोलू नका. एका माणसापायी सगळा धर्म बदनाम होईल."

इतकी वर्षं जावयाला अहो-जाहो केलं. त्या दुपारी सोडलं.

"धर्माच्या आड लपू नकोस. थोरल्याने जे केलं ते त्याला भोवेलच, मी सोडणार नाही. पण कडीवरचा हात तुझा होता. मेलेल्या पोरीला माझ्या लेकीची दया आली, ती जिवंत होती तेव्हा तुला त्या पोरीची आली नाही. तू जीव घेतलास. ऊठ, चौकीत चल, आणि हे तुझ्या तोंडाने सांग."